हात पोचला तो सेन्सर

"विझला! अहो, विझला!"

तळमजल्यावरच्या पेन्शनर काकांनी गाडीच्या काचेला नाक लावून आरोळी ठोकली आणि पार्किंगमध्ये जमलेल्या गर्दीने कोंडलेला श्वास सोडला. गॅलऱ्यांतून वाकलेल्यांनी खालच्यांना विचारलं, खालच्यांनी पुढच्यांना विचारलं आणि पुढच्यांनी माना वळवून सांगितलं, की विझला, खरंच विझला. डॅशबोर्डवरचा तो पिवळा, इंजिनाच्या आकाराचा दिवा गॅरेजच्या मिस्त्रीला कायमचा विझवता आला नव्हता. मोठ्या चालकांनी तो नुसत्या हाताने विझवला होता.

मोठे चालक हे काही त्यांचं नाव नव्हे, पदवी होती. आणि ती त्यांची त्यांनीच घेतली होती. पांढरी विजार, पांढरा शर्ट, हातांत पांढरे कातडी मोजे. माणूस जातो, पण ज्याचा गाडीवर जीव असतो त्याचा हात स्टिअरिंगवरून सुटत नाही. तो सोडवणं हे आपलं काम, असं ते सांगत. त्यांच्याबरोबर एक टकलू, खांदे पाडून चालणारा गृहस्थ असे. त्याला ते "क्लीनर" म्हणत. मोठ्या चालकांना क्लीनर असणारच.

"देह म्हणजे गाडी!" मोठे चालक बॉनेटवर हात ठेवून सांगत होते. "आत्मा म्हणजे ड्रायव्हर. ड्रायव्हर उतरला तरी सीट गरम राहते की नाही?"

"राहते, राहते," गर्दीने कबूल केलं.

"ती ऊब म्हणजे माया. ती दिव्यात येऊन बसली होती. आता शांत झाली."

पारा एका खांबाला टेकून उभी होती. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण बाबांनी लहानपणीच तिच्या रागावरून तिला पारा म्हणायला सुरुवात केली. पुढे ती लसींच्या शीतगृहात तापमान सांभाळायच्या नोकरीला लागली, तेव्हा बाबा म्हणाले होते, "बघ, नाव मी आधीच ठेवलं होतं." आता हे नाव घरात उरलं होतं, ठेवणारा उरला नव्हता.

"सर्वांनी डोळे मिटा, गेलेल्याला आठवा," असं मोठ्या चालकांनी फर्मावलं तेव्हा पाराने डोळे मिटले नव्हते. पण तिला दिसलं ते एवढंच, की क्लीनर ड्रायव्हरच्या दारातून आत वाकला आणि स्टिअरिंगखाली काळ्या दोऱ्याची पुरचुंडी बांधत राहिला. गाठ मारायला त्याला बराच वेळ लागला. मग किल्ली फिरली, आणि दिवा गेला.

"विझला का गं?" शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या आईने विचारलं. तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता.

"हो आई. विझला."

खोटं कसं सांगायचं? विझलाच होता. आत्याने विजयी मुद्रेने पाराकडे बघितलं. "बोल आता! मोठी शहाणी."

पण मोठे चालक एवढ्यावर थांबणारे नव्हते. त्यांनी मोजे काढले, आईपुढे वाकले आणि आवाज खाली आणला. "माताजी, दिवा शांत झाला, पण ते अजून गाडीतच आहेत. त्या टेकडीवर त्यांनी प्राण सोडला. तुम्हाला ते तिकडे जाऊ देणार नाहीत. गाडी आमच्या आवारात आणून सोडा, आम्ही त्यांना वाट दाखवू. तोवर तो चढ चढू नका."

आईने मान डोलावली.

गाडी गेली तरी पाराला चाललं असतं. प्रश्न चढाचा होता. टेकडीवरचं इस्पितळ हे गावातलं एकच मोठं इस्पितळ. बाबा तिथेच हृदयविकाराने गेले, आणि आईच्या डोळ्याचं ऑपरेशनही तिथेच व्हायचं होतं. आईला काचबिंदू होता. डावा डोळा गेल्यातच जमा होता; उजव्यानेही अंधुकच दिसे, आणि त्यातला दाब औषधाच्या थेंबांनी उतरेना. "आता थांबू नका," डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. "जी नजर जाईल ती परत येत नाही." तारीख ठरली. आणि त्याआधीच्या तपासणीला तिघी निघाल्या, तेव्हा गाडीने तो चढ चढायला नकार दिला.

झालं होतं असं. चढ अर्धा सरला, इस्पितळाची लांबट इमारत दिसायला लागते त्या वळणावर पाराला दिवा पेटलेला दिसला आणि गाडीतला जीवच गेला. पारा अ‍ॅक्सिलरेटर दाबत होती, इंजिन गुरगुरत होतं, पण गाडी बैलगाडीच्या वेगाने सरकत होती. मागून हॉर्न. शेवटी कडेला लावली, बंद केली. थोड्या वेळाने सुरू केली तर उताराला काहीच झालं नसल्यासारखी पळाली. दिवा तेवढा तसाच राहिला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, पुन्हा त्याच वळणावर.

"दादा अडवतोय," मागच्या सीटवरून आत्या म्हणाली होती. "वहिनी, तो नको म्हणतोय."

त्या दिवसापासून आईने टेकडीचं नाव टाकलं.

"टॅक्सीने जाऊ," पारा म्हणाली.

"गाडी बदलली म्हणून ह्यांचं म्हणणं बदलेल का?"

पाराने समजावलं, चिडली, रडायचीही वेळ आली. आई भिंतीसारखी. एरवी पेपरमधल्या राशिभविष्याला हसणारी बाई. बाबा आणि ती मिळून हसायची.

त्यातच मिस्त्रीने घोळ घातला. त्याने ड्रायव्हरच्या पायाशी आपलं यंत्र लावून निदान केलं होतं: धुराच्या पाइपात तापमान मोजणारा सेन्सर असतो, तो बिघडलाय. नवा घातला, दिवा विझवला. चढाला लागताच दिवा पुन्हा पेटला. त्याने आणखी एकदा तार तपासली, खाली झोपून शिव्या दिल्या आणि शेवटी हात पुसत म्हणाला, "ताई, आपल्या हातातलं सगळं केलं. आता तुम्ही त्या मोठ्या चालकांना दाखवून बघा. माझ्या मेव्हण्याच्या गाडीला गुण आला."

"तुम्ही मिस्त्री आहात की त्यांचे एजंट?"

"चिडू नका. सुटत नाही ते सुटत नाही."

आणि आता मोठ्या चालकांनी दिवा विझवूनही दाखवला होता. पाराला स्वतःचाच राग आला. दिवसभर ती अंशांचे दशांश तपासत असे, आणि घरच्या गाडीबद्दल तिला एक वाक्य ठामपणे सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गाडी घेऊन चढाला लागली. वळणावर पिवळा दिवा पेटला, गाडी मेली. म्हणजे मोठ्या चालकांची शांती एका चढापुरतीही टिकली नव्हती. ती तिथेच कडेला बसून राहिली. इस्पितळाच्या धुलाईघरातून वाफ येत होती. बाबांना इथे आणलं त्या दिवशी ती कामावर होती. आई आणि बाबा दोघंच गाडीतून आले होते, गाडी बाबाच चालवत होते. पुढचं तिला फोनवर कळलं होतं.

मग तिच्या मनात एक साधी शंका आली. बाबा इस्पितळाच्या वाटेला अडवतात ना? मग दुसऱ्या वाटेला अडवायचं कारण नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीकडे जाणारा एक रस्ता होता. तिथे इस्पितळ नाही, कोणी मेलेलं नाही, टाकीखेरीज काही नाही. पण चढ तेवढाच लांब. तिकडे जाताना तिने घरून आत्याला बरोबर घेतलं, साक्षीदार हवा. टाकीच्या अलीकडे गाडीने तशीच मान टाकली.

"बघितलंस?" पारा जवळजवळ ओरडली. "इथे काय आहे बाबांचं? पाण्याची टाकी?"

आत्याने क्षणभर विचार केला. "दादाचा तुझ्यावर फार जीव. तू जाशील तिथे येतोय बिचारा."

पाराने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. सपाट रस्त्यावर दादा झोपतो आणि चढाला जागा होतो काय, असं विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तेच वाक्य तिच्या डोक्यात अडकून राहिलं. सपाटीवर नाही, चढाला. थोड्या चढाला नाही, लांब चढाला. थांबलं की ठीक. लांब चढाला काय वाढतं? उष्णता.

शीतगृहात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक शिस्त शिकवतात. फ्रिजचं तापमान एकदम अशक्य आकड्यावर गेलं, तर लसी फेकायला धावायचं नाही आणि आकड्याकडे डोळेझाकही करायची नाही. आधी दुसरा तापमापक आत ठेवायचा. कारण बिघडतो तो कधी फ्रिज असतो, कधी तापमापक. हे पारा झोपेतही म्हणू शकली असती. गाडीपाशी मात्र तिला ते आठवलं नव्हतं. बाबांच्या गाडीत बसलं की ती तपासनीस नसायची, मुलगी असायची.

ती तडक गॅरेजमध्ये गेली.

"मिस्त्री, तुम्ही बदललात तो सेन्सर कुठला?"

"कुठला म्हणजे? धुराचा."

"गाडीत एकच असतो?"

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "दोन असतात. एक मागे, सायलेन्सरकडे. एक पुढे, इंजिनाच्या पाठीमागे, टर्बोला चिकटून."

"आणि तुम्ही?"

"मागचा. गाडी उचलली की हात पोचतो." मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "पुढच्याला पत्रा काढावा लागतो. बोटं सोलून निघतात. यंत्र नुसतं 'धुराचा सेन्सर' दाखवत होतं, नंबर मी नीट वाचलाच नाही. वाटलं, मागचाच असेल. बहुतेकदा मागचाच असतो."

"म्हणून मोठ्या चालकांचा पत्ता दिलात."

"ताई, लाजवू नका. आत्ता काढतो."

आत्ता म्हटलं तरी ते सोपं नव्हतं. पत्र्याचे बोल्ट गंजलेले, एक तुटलाच. गंजावरचं तेल मारून वाट बघावी लागली. मिस्त्री इंजिनाच्या मागे हात घालून आंधळेपणाने चाचपत होता, पाना निसटला की शिवी हासडत होता आणि लगेच "माफ करा" म्हणत होता. पारा टॉर्च धरून उभी होती. "डावीकडे... नाही, तुमच्या डावीकडे." अखेर सेन्सर सुटला: बोटाएवढी धातूची नळी, टोकाला काजळी, मागे तारेचं शेपूट. त्याने तो मीटरला लावला. मीटर म्हणालं, सेन्सर ठणठणीत आहे.

"घ्या," मिस्त्री हताश होऊन म्हणाला. "हाही चांगला."

"थंड आहे म्हणून," पारा म्हणाली. "तापवा."

त्याने गॅसची शेगडी पेटवली. टोक तापलं, लालसर झालं आणि मीटरवरचा आकडा पटकन नाहीसा झाला. सेन्सर निवला, आकडा परत आला. पुन्हा तापवला, पुन्हा गेला.

"आतली तार तुटलीय," मिस्त्री हळूच म्हणाला. "थंड असताना टोकं एकमेकांना टेकतात. तापली की फाकतात. मग गाडीच्या कॉम्प्युटरला धूर किती तापलाय तेच कळत नाही. तो घाबरतो. इंजिन जळू नये म्हणून ताकद कापतो."

मग यंत्र लावून नंबर नीट वाचायला तो गाडीत वाकला, आणि स्टिअरिंगखालून त्याचा आवाज आला. "ताई, ही पुरचुंडी कोणी बांधली? माझ्या यंत्राच्या सॉकेटच्या डोक्यावरच?"

पारा खाली बसून बघायला लागली. काळ्या दोऱ्याशेजारी एक चपटी, भोकंभोकं असलेली खोबण होती. मिस्त्रीचं यंत्र तिथेच लागत असे.

"काडेपेटीएवढी यंत्रंही मिळतात हल्ली," मिस्त्री म्हणाला. "आत खुपसायचं, खिशातल्या फोनवर बोट दाबायचं. दिवा गेला! बिघाड आहे तिथेच."

"म्हणून एवढी लांबलचक गाठ," पारा म्हणाली. "मिस्त्री, नवा सेन्सर घाला. पण दिवा विझवू नका. तो पेटलेलाच राहू दे."

गाडी न्यायला मोठे चालक आले त्या सकाळी पार्किंगमध्ये आधीपेक्षा जास्त गर्दी होती. चमत्काराचा दुसरा खेळ पहिल्यापेक्षा नेहमीच जास्त चालतो. आई त्याच खुर्चीवर बसली होती, गाडीच्या किल्ल्या ओंजळीत धरून. मिस्त्रीही आला होता, पिशवी घेऊन, मागे मागे.

"दिवा परत आला!" मोठे चालक आत डोकावून गंभीर झाले. "मी म्हटलं नव्हतं? ते सोडत नाहीत. नेण्याआधी पुन्हा शांत करावं लागेल. डोळे मिटा!"

सगळ्यांनी डोळे मिटले. क्लीनर आत वाकला. पाराने पहाटेच सॉकेटच्या भोकांत मेण भरून त्यावर चिकटपट्टी लावली होती. क्लीनर खुडबुडला. मग जास्त खुडबुडला. मग त्याचं टक्कल स्टिअरिंगवर आपटलं आणि हॉर्न वाजला. गर्दीचे डोळे उघडले.

"काय झालं?" मोठ्या चालकांनी दातांतून विचारलं.

"जात नाहीये," क्लीनर म्हणाला.

"काय जात नाहीये?" पेन्शनर काकांनी निरागसपणे विचारलं.

"शक्ती!" मोठे चालक गरजले. "इथे कोणीतरी अश्रद्ध माणूस आहे. त्याची सावली आड येतेय."

सगळ्यांच्या नजरा पाराकडे वळल्या. आत्याची तर जळतीच. पारा पुढे झाली, पट्टी सोलली, पिनेने मेण काढलं. "काका, तुम्ही या. हे मिस्त्रींचं यंत्र. इथे लावा. आता हे बटण दाबा."

"मी? मला येत नाही गं पोरी काही."

"यायला काही लागत नाही. मंत्रही नाही. दाबा."

काकांनी घाबरत घाबरत दाबलं. दिवा गेला. काका स्वतःच्या बोटाकडे बघत राहिले. "अरेच्चा! म्हणजे मीपण मोठा चालक?"

गर्दीत हशा पिकला. क्लीनरने खिशावर हात घट्ट धरला होता, मिस्त्रीने तिकडे बोट दाखवलं आणि एवढंच म्हणाला, "ह्यांच्या खिशात ह्याचंच धाकटं भावंड असेल." क्लीनर मागच्या मागे सरकायला लागला.

पण मोठे चालक मुरलेले होते. ते हसले. "दिवा यंत्राने विझतो, मान्य. आम्ही कुठे नाही म्हटलं? यंत्र हे निमित्त. पण बेटी, चढावर गाडी कोण अडवतं ते यंत्राला विचार. सगळ्या रस्त्यांत त्याच रस्त्यावर का? आणि ते गेल्यानंतरच का?"

हशा ओसरला. "हे मात्र आहे," कोणीतरी म्हणालं.

"पारा, पुरे कर," आई म्हणाली. "दिव्याचं सोड. मला त्या दिव्याचं काही नाही." तिने किल्ल्या पुढे केल्या.

आईला दिवा दिसत नव्हता, मीटरचा आकडाही दिसला नसता. हे हिशेबात धरून पाराने रात्री जागून तयारी केली होती. शीतगृहाच्या दाराला लावतात तसला एक बझर, एक लहान बॅटरी आणि दोन तारा तिने पिशवीतून काढल्या. खुर्चीसमोर स्टूल ठेवलं, त्यावर घरातली छोटी गॅसची शेगडी.

"आई, मला फक्त एकदा ऐक. बघायचं काही नाही. ऐकायचं."

तिने काढलेला सेन्सर बझरला जोडला. टूंऽऽऽ, असा एकसुरी आवाज पार्किंगभर घुमायला लागला.

"हा गाडीच्या धुराच्या पाइपातला तापमापक. आवाज येतोय तोवर त्याची तार जोडलेली आहे. आता मी त्याला चढ चढवते." तिने चिमट्याने टोक ज्योतीवर धरलं.

आवाज चालू राहिला. मग किंचित बारीक झाला. मग तुटला. पार्किंग एकदम शांत झालं. पाराने सेन्सर बाजूला धरला. जरा वेळाने बझर स्वतःहून बोलायला लागला.

"थांबलं की बरी होते," आत्या नकळत म्हणाली.

"आणि हा त्याचा भाऊ. मिस्त्रींनी उगाच बदलला तो, चांगला." तिने दुसरा जोडला, तेवढाच तापवला. आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. टोक लाल झालं तरी थांबला नाही.

"इस्पितळाच्या चढाला गाडी तापते म्हणून तिथे अडते. टाकीच्या चढालाही अडते. ह्या स्टुलावरही अडते. इथे कोणी वारलेलं नाही."

आईने हात पुढे केला. "मला दे."

"भाजेल."

"चिमटा दे म्हणते ना!"

पाराने बिघडलेला सेन्सर पुन्हा जोडला आणि आईचा हात धरून ज्योतीपाशी नेला. आवाज तुटला. आईने तो बाजूला घेतला, वाट बघितली, आवाज आला. पुन्हा ज्योतीवर. पुन्हा बाजूला. मोठे चालक काहीतरी बोलायला लागले तर तिने दुसरा हात वर करून त्यांना गप्प केलं. कितीतरी वेळा तिने तेच केलं, जणू कोणाला हाक मारून बघत होती, आणि प्रत्येक वेळी उत्तर एका तारेचं येत होतं.

शेवटी तिने चिमटा स्टुलावर ठेवला.

"त्या दिवशीही अडली होती," ती म्हणाली.

"कुठल्या दिवशी?"

"ह्यांना नेलं त्या दिवशी. त्याच वळणावर. हेच चालवत होते. छातीत कळ, आणि म्हणतात, ओढत नाहीये ही. पायाने नुसतं दाबत होते." आईचा आवाज सपाट होता. "दिवाही तेव्हापासूनचा नाही. त्याच्या आधीपासूनचा. सारखा डोळ्यांत येतो म्हणून ह्यांनी त्यावर काळी पट्टी चिकटवली होती."

आत्याच्या तोंडातून "अगं बाई" निघालं. "ती पट्टी... मी काढली. नंतर गाडी पुसली तेव्हा. मला वाटलं, घाण आहे."

म्हणून दिवा बाबा गेल्यानंतर पेटला. तो पेटलेलाच होता. दिसायला लागला तो नंतर.

आईने मोठ्या चालकांच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. "तुम्ही म्हणता, हे अडवतात. तेव्हा तर हे माझ्या शेजारी बसले होते. जिवंत. तेव्हा कोणी अडवली?"

मोठ्या चालकांनी तोंड उघडलं. देह, गाडी, ड्रायव्हर, सीट, सगळा साठा त्यांच्यापाशी होता, पण ह्या प्रश्नाला लावायला त्यांतलं काही सापडेना. क्लीनर फाटकाबाहेर पोचला होता. "अश्रद्धांच्या घरी आम्ही पाणी घेत नाही," एवढं बोलून मोठे चालकही चालते झाले.

"पाणी दिलं कोणी होतं?" पेन्शनर काकांनी मागून विचारलं. गर्दी हसत पांगली. मघाशी डोळे मिटलेले लोक आता म्हणत होते, आम्हाला पहिल्यापासून संशय होता.

पाराला हसू आलं नाही. ती आईपुढे जमिनीवर बसली. "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? की साधा बिघाड होता, दिवा सांगत होता, आणि आम्ही पट्टी लावली? त्यापेक्षा हे अडवतात, हे बरं होतं. निदान ते आहेत असं तरी वाटायचं." जरा थांबून तिने विचारलं, "गाडी चांगली असती, लवकर पोचलो असतो, तर वाचले असते का गं?"

वाचले नसते, असं म्हणणं किती सोपं होतं. ते वाक्य हाताशीच होतं.

"मला माहीत नाही, आई."

आईने किल्ल्या पाराच्या हातात ठेवल्या.

ऑपरेशनच्या सकाळी गाडी चढाला लागली. आत्या मागे डोळे मिटून बसली होती, पण ती आता नुसती घाबरली होती. वळण आलं, इमारत दिसली, धुलाईघराची वाफ दिसली. इंजिनाचा आवाज तसाच भरदार राहिला.

"इथेच ना?" आईने विचारलं.

"इथेच होतं. मागे पडलं."

पाराने डॅशबोर्डकडे बघितलं. दिव्याच्या जागी काळोख होता आणि काचेवर चिकटपट्टीच्या डिंकाचा चौकोनी डाग. बाबांनी वैतागून पट्टी लावली, मोठ्या चालकांनी लबाडीने बटण दाबलं. एक तिचा लाडका माणूस, दुसरा भामटा. पण दिवा दोघांनीही झाकलाच, आणि आतली तार दोघांच्याही हातून तुटलेलीच राहिली. हे मान्य करायला तिला भामट्याला हाकलण्यापेक्षा जास्त जड गेलं.

"डोळा झाला की हृदयाच्या डॉक्टरांकडे ने मला," आई म्हणाली. "त्या दिवसाचं विचारायचंय."

"उत्तर वाईट आलं तर?"

"येऊ दे. त्या मोठ्या चालकाने दिलं होतं तसलं खोटं तर नसेल."

वाचकहो, चमत्कार फसवतो तो आपण मूर्ख असतो म्हणून नव्हे. दुःखात असलो की पहिल्यांदा हात पोचतो ते कारण आपण घट्ट धरतो. मिस्त्रीने धरलं, आत्याने धरलं, आईनेही धरलं. खरं कारण पुष्कळदा पत्र्याच्या मागे असतं, तिथे बोटं सोलतात. तरी पत्रा काढा. कोणी म्हणालं अमुक ठिकाणी अमुक घडतं, तर तेच दुसऱ्या ठिकाणी घडतं का ते बघा. बिघडलेल्याशेजारी चांगलं ठेवून दोन्ही तापवून बघा. आणि घरात कुठलाही दिवा पेटला, गाडीचा असो, शरीराचा असो, तर त्याला पट्टी लावू नका, त्याच्यापुढे डोळे मिटू नका. तो काय सांगतोय ते वेळेवर विचारा.